यंदा कुरडयांचा चीक बसलाच नाही – गव्हाला नेमकं झालं काय?

महालातली
नमस्कार मंडळी. हे पाककृती विभागात टाकणार होते, पण दोष माझ्या हाताचा नसून गव्हाचा असावा असं वाटतंय, म्हणून शेती विभागात आले.

दरवर्षी रामनवमी झाली की पाच किलोच्या कुरडया घालते. सासूबाईंची पद्धत. गहू तीन दिवस भिजत, रोज सकाळी पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक रात्रभर ठेवायचा. सकाळी वरचं पिवळसर निवळ ओतलं की खाली पांढरा घट्ट थर. माझं जर्मनचं मोठं पातेलं आहे, त्याच्या कडीच्या खिळ्यापर्यंत थर येतो. वीस वर्षांत खिळा चुकला नाही. यंदा थर खिळ्याच्या चार बोटं खाली, रंग मळकट, आणि पिळून उरलेला चोथा मात्र दीडपट!

गहू भावाच्या शेतातला, मौद्याकडचा, लोकवन. निवडायला बसले तेव्हाच खटकलं होतं. दाणे बारीक, पोटाची चीर खोल, अंगावर सुरकुत्या. सुपात पाखडले तर फोलाबरोबर दाणेच उडायला लागले. भाऊ म्हणतो, "यंदा जरा चिमला आहे, चवीला तोच." दीड पोतं वर्षाचं भरून ठेवलंय. काय झालं असेल? आणि पोळीला चालेल ना?

तर्रीपोहे
काकू, पहिला संशय भावावर घ्या. चांगला माल कळमन्याच्या बाजारात, उरलेला बहिणीला. (हलके घ्या.)

चक्कीवाला_सक्करदरा
ताई, तुमच्यासारखी तक्रार घेऊन यंदा माझ्या चक्कीवर सात-आठ जणी आल्या. त्यांना वाटलं मी पीठ मारलं. चिमल्या गव्हाचं असंच असतं. दहा किलो टाकले तर वजनाला पीठ दहाच्या आसपासच निघतं, पण त्यात कोंडाच जास्त. चाळलं की चाळणीवर ढीग. पोळी लालसर होते, फुगते कमी, दुपारी डबा उघडला की कडक. व्यापारी असा माल जाळीवर मारून बारीक दाणा वेगळा काढतात, तो कोंबड्यांच्या खाद्यात जातो. घरचा गहू कोणी जाळीवर मारत नाही, म्हणून घरच्या गव्हातच हे जास्त दिसतं.

शंकेखोर
यात रहस्य काही नाही. ऊन. फेब्रुवारीतच पारा चढला की दाणा भरायच्या आत पिकतो. २०२२ चा मार्च आठवा, मोजणी सुरू झाल्यापासूनचा देशातला सगळ्यात गरम मार्च. उत्तरेत गहू असाच चिमला आणि १३ मेला निर्यात बंद झाली. दरवेळी रोगच शोधायचा नसतो.

बुरशीमास्तर
ऊन हे कारण असू शकतं, पण उन्हाने आकसलेला दाणा आणि तांबेरा नावाच्या बुरशीच्या रोगाने आकसलेला दाणा हातात घेतला तर सारखाच दिसतो. दाण्यावरून निकाल देऊ नये. पुरावा काडीवर असतो. ताई, भावाकडे गव्हांडा शिल्लक असेल तर कांडी आणि कांडीला गुंडाळलेली पानाची खोळ अशा चार-पाच काड्या मागवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, कागदी पाकिटात. आणि त्यांना एकच प्रश्न विचारा. फेब्रुवारीत शेतातून फिरून आल्यावर पॅन्ट लाल व्हायची का?

तोवर चिकाबद्दल लिहितो, कारण तुमच्या पातेल्याचा खिळा हे फार उत्तम मोजमाप आहे. प्रयोगशाळेत आम्ही हजार दाण्यांचं वजन करतो, ठरावीक मापात किती वजन बसतं ते पाहतो. तुम्ही सरळ पिष्टच मोजलंत.

शेतकरी म्हणतो "गहू चिकावर आला" आणि तुम्ही म्हणता "चीक बसला". शब्द एक, कारण वस्तू एक. फुलोऱ्यानंतर दाण्यात दुधासारखं जे भरतं आणि वाळून घट्ट होतं, तेच तुम्ही तीन दिवस भिजवून परत बाहेर काढता. ते भरायचं काम मुख्यतः सगळ्यात वरचं पान, ज्याला ध्वजपान म्हणतात, आणि खुद्द ओंबी करते. तांबेरा नेमका त्याच वेळी त्याच पानावर बसतो. फोड फुटला की पानाची त्वचा फाटते, पाणी उडून जातं, हिरवा भाग कमी होतो आणि पानाने केलेली साखर दाण्याकडे जायच्या ऐवजी बुरशीकडे वळते. खोडावरचा तांबेरा असेल तर आणखी वाईट, वाटेतली नळीच फाटते.

आता चोथा दीडपट का? दाण्याचं साल आधी तयार होतं, पोट मागून भरतं. उपासमार झाली की साल तेवढंच राहतं आणि पोट खपाटीला जातं. निरोगी दाण्यात सालाचा वाटा वजनाच्या साधारण १४ टक्के असतो, चिमल्यात तो चढतो. म्हणून चक्कीवाल्यांच्या चाळणीवर ढीग आणि तुमच्या फडक्यात चोथा. प्रथिनाचं गणित मात्र सरळ नाही. रोग कधी आला त्यावर टक्का कधी चढतो, कधी उतरतो. चढला तरी आनंद मानू नये. ते प्रथिन वाढलेलं नसतं, पिष्ट घटलेलं असतं.

काळीकसदार
मास्तर, बराबर बोलले. आमच्याकडे त्याले गेरवा म्हणतेत, गेरूसारखा लाल म्हणून. यंदा पारशिवनी पट्ट्यात लय होता. डिसेंबरात चार-पाच दिवस आभाळ, मंग धुकं, सकाळी पानं वली. पेंच धरणाचं पाणी उशिरा सुटलं, पेरणी डिसेंबरात गेली. वरून लोकायनं युरिया दाबून टाकला. गहू असा हिरवागार दाट झाला का पाहूनच खुश. त्याच दाट गव्हात गेरवा बसला.

माह्याच शेतात सांगतो. एक दिवस पांढरी पॅन्ट घालून गेलो, लग्नाले जाचं होतं. बांधावरून दोन पावलं आत टाकले, गुडघ्यापर्यंत लाल. बायको म्हने इटाभट्टीवर गेल्ते का?

महालातली
मास्तर सर, भावाला विचारलं. म्हणाला, "हो, लाल धूळ उडायची, मला वाटलं रस्त्याच्या कामाची मुरमाची धूळ." मी कपाळावर हात मारला. काड्या घेऊन भाचा शनिवारी येतोय.

उमरेडकर
धाग्यात घुसतोय. आमच्या गव्हाचे दाणे भरलेले आहेत, चिमले नाहीत, पण टोकाला काळा डाग आहे. सगळ्या नाही, शंभरात दहा-बारा दाण्यांना. कापणीच्या आधी दोन दिवस पाऊस आणि थोडी गारही झाली होती. हाही तांबेरा का? व्यापाऱ्याने "काळं टोक" म्हणून भाव पाडला.

बुरशीमास्तर
नाही. हे वेगळं. पिकत्या ओंबीवर पाऊस झाला की करप्याच्या जातीच्या बुरशा दाण्याच्या अंकुराकडच्या टोकाशी शिरतात. दाणा भरलेला असतो, वजन फारसं घटत नाही, पण रव्यात आणि पिठात काळे कण दिसतात. त्यामुळे रवा-शेवयांच्या गिरण्या नाक मुरडतात. पोळीला चालतो. बियाण्याला मात्र तो वापरू नका, उगवण कमकुवत होते.

याच्याशी गोंधळ होणारे आणखी दोन प्रकार सांगून ठेवतो. करनालचा काणी रोग, १९३१ मध्ये मित्रा यांनी करनालला प्रथम नोंदवला. त्यात दाण्याचा काही भागच पोखरून काळी भुकटी होते आणि सडक्या मासळीसारखा वास येतो. शंभरात तीनच दाणे असे असले तरी पिठाला वास लागतो. परदेशात तर एका दाण्यावरून जहाज अडवतात. तो उत्तरेच्या थंड-दमट भागातला रोग, आपल्याकडची हवा त्याला मानवत नाही. इथल्या शेतात शोधत बसू नका, पण बाहेरून आलेल्या मालाचा वास जरूर घ्या.

दुसरं म्हणजे दाण्याचं पोट पांढरं, पिठूळ दिसणं. बन्सी गव्हात हे ठळक दिसतं आणि लोक रोग समजतात. ती बुरशी नव्हे, नत्राची कमतरता. म्हणजे युरिया जास्त झाला तर तांबेऱ्याला पोषक आणि कमी पडला तर पोट पांढरं. शेती ही अशी आहे.

तर्रीपोहे
आमच्या घरी गव्हाचं पोट पांढरं आणि माझं पोट पुढे. दोन्हीला नत्र जबाबदार नसावं.

महालातली
काड्या आल्या. चष्मा लावून, उजेडात धरून पाहिल्या. कांडीवर आणि खोळीवर लांबट काळ्या रेघा आहेत, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या. नखाने खरवडलं तर जागा खडबडीत लागते, कडेची त्वचा फाटून वर आल्यासारखी. पानांच्या वाळक्या तुकड्यांवर वेगळंच दिसतं, बारीक गोल तपकिरी ठिपके, विखुरलेले. पांढऱ्या रुमालाने पुसलं तर हळदीकुंकू मिसळल्यासारखा डाग पडला. रुमाल आता कुरडईच्या फडक्यांत मिसळू नये म्हणून वेगळा ठेवलाय.

बुरशीमास्तर
छान पाहिलंत. दोन्ही आहेत. पानावरचे गोल विखुरलेले म्हणजे पानावरचा तपकिरी तांबेरा, खोडावरच्या लांबट रेघा म्हणजे काळा तांबेरा. तो आधी विटकरी असतो, पीक पिकत आलं की काळा पडतो. तिसरा पिवळा तांबेरा पंजाब-हिमाचलच्या थंडीतला, आपल्या फेब्रुवारीत तो टिकत नाही.

शंकेखोरांना अर्धे गुण. डिसेंबरात पेरलेल्या गव्हाला ऊनही लागलंच असणार. पण ऊन काडीवर रेघा काढत नाही.

शंकेखोर
अर्धे गुण घेतले. आता दुसरी शंका. लोकवन कित्येक वर्षं आहे. पूर्वी आजीचा गहू असा चिमला नव्हता. मग आता अचानक रोग कुठून? जात तीच, शेत तेच. कंपन्यांनी बियाणं बिघडवलं का?

बुरशीमास्तर
जात तीच आहे, बुरशी तीच नाही.

गव्हाच्या झाडात प्रतिकार असतो म्हणजे नेमकं काय, ते आधी. तांबेऱ्याची बुरशी फक्त जिवंत पेशीवर जगते, मेलेल्या पेशीतून तिला काही मिळत नाही. प्रतिकारक झाड याचाच फायदा घेतं. बुरशीचा कोंब पानात शिरला आणि झाडाने तो ओळखला, की झाड त्या जागच्या आपल्याच चार पेशी मारून टाकतं. बुरशी तिथेच उपाशी मरते. पानावर फोड येत नाही, फक्त फिकट टिंब दिसतं, सुईने टोचल्यासारखं.

पण हे ओळखण्यावर अवलंबून आहे. एक जनुक म्हणजे गल्लीतलं एक कुत्रं समजा, एकाच चोराचा वास ओळखणारं. चोराने वास बदलला की कुत्रं शेपटी हलवतं. तांबेरा वास सतत बदलतो, कारण एका फोडातून हजारो बीजाणू उडतात आणि दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार होते. एक जात लाखो एकरांवर पेरली की ज्या एका बीजाणूला ती फसवता आली त्याची चंगळ. कल्याणसोना ही जात अशीच गेली, उत्तरेत पीबीडब्ल्यू ३४३ हा गहू पिवळ्या तांबेऱ्यापुढे तसाच पडला. आफ्रिकेत १९९८ ला युगांडात जो काळा तांबेरा सापडला, त्याने एसआर ३१ हे जगभर भरवशाचं मानलेलं जनुक पार केलं. तो भारतात आलेला नाही. लोकवन तर आता चाचणी प्रयोगांत बळी पडणारी जात म्हणूनच कडेला पेरतात, म्हणजे शेजारी रोग नक्की पसरावा म्हणून! बियाणं कोणी बिघडवलेलं नाही. आजीच्या लोकवनाचं कुत्रं म्हातारं झालंय.

आता "कुठून" याचं उत्तर. आपल्या उन्हाळ्यात तांबेरा जगत नाही. शेतात हिरवा गहू नसला की संपला. युरोप-अमेरिकेत तो बार्बेरीच्या झुडपावर मुक्काम करतो. आपल्याकडे तसं नाही हे प्रा. के. सी. मेहता यांनी दाखवलं. आपल्याकडे तो डोंगरात राहतो. काळा तांबेरा मुख्यतः निलगिरी आणि पळणीच्या थंड टेकड्यांवर, जिथे गहू वर्षभर कुठे ना कुठे उभा असतो. तिथून बीजाणू वाऱ्यावर येतात. पुढे नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हवामानाची जोड दिली. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की त्या वाऱ्यांबरोबर बीजाणू मध्य भारतावर येतात आणि पावसाच्या थेंबाबरोबर खाली उतरतात. नागपूरला दिवाळीनंतर दोन दिवस आभाळ भरून भुरभुर पाऊस येतो, आपण स्वेटर शोधतो. तेव्हा वरून हे पाहुणे उतरत असू शकतात.

१९४६-४७ ला मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली, साधारण वीस लाख टन गहू गेला असा अंदाज आहे. तेव्हा नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं "गेरव्याचं साल" म्हणून वय सांगायची.

काळीकसदार
माह्या आज्याचं लगन गेरव्याच्या सालीच झालं. हुंड्यात गहू ठरला होता, देल्ला ज्वारी.

चक्कीवाला_सक्करदरा
मास्तर, एक विचारायचं होतं. काही नवीन जातींचं पीठ मळताना हाताला चिकटतं. बायका म्हणतात जुन्या गव्हाला असं नव्हतं. हे रोगामुळे की जातीमुळे?

बुरशीमास्तर
चांगला प्रश्न, आणि उत्तरात गंमत आहे. ओलं झालेलं, शेतातच कोंब फुटलेलं धान्य असेल तर पीठ चिकटतंच, पिष्ट आधीच तुटायला लागलेलं असतं. पण धान्य कोरडं असून चिकटत असेल तर दुसरं कारण असू शकतं. वर जे एसआर ३१ म्हटलं, ते मूळ गव्हाचं नाही. राय नावाच्या धान्याच्या गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात आणला, त्याबरोबर तिन्ही तांबेऱ्यांविरुद्धची जनुकं आली. फार मोठी कमाई. पण तुकडा आला तो आपलं सामान घेऊन आला. गव्हाच्या चिवटपणाची काही प्रथिनं गेली, रायची आली आणि कणीक चिकट झाली. म्हणजे झाड वाचवायला जे केलं त्याची किंमत परातीत चुकवावी लागली. पैदासकार तेव्हापासून अशी जुळणी शोधत असतात की झाडही टिकेल आणि पोळीही फुगेल. प्रत्येक नवी जात चिकट असते असं मात्र नाही, तो तुकडा सगळ्यांत नसतो.

अवांतर: मराठी माणसाला माहीत नसलेली एक मराठी गोष्ट. अमेरिकेत मिनेसोटाला स्टॅकमन नावाचे शास्त्रज्ञ होते. काळ्या तांबेऱ्याचे वेगवेगळे वंश ओळखायला त्यांनी बारा गव्हांचा संच ठरवला. कोणत्या गव्हावर फोड येतो, कोणत्यावर नाही, यावरून वंश ठरवायचा. त्या बारांत एकाचं नाव खपली. आपली खीर-लापशीची खपली. जगभरच्या तांबेऱ्याच्या शास्त्रज्ञांनी अनेक दशकं हा शब्द आपापल्या उच्चारात म्हटलाय. खपलीतून काढलेली प्रतिकाराची जनुकं पुढे साध्या गव्हात घातली गेली.

महालातली
खपली! आमच्याकडे ती कोणाच्या पोटात दुखलं की आठवते.

सर, मूळ प्रश्न राहिला. दीड पोतं आहे. खायचं का?

बुरशीमास्तर
खा. तांबेरा पानाखोडावरचा, दाण्यात शिरत नाही, माणसाला विषारी नाही. फक्त सत्त्व कमी, कोंडा जास्त. बाहेरचा चांगला भरलेला गहू निम्मा मिसळून दळा, पोळी सुधारेल. चिकासाठी मात्र वापरू नका. कष्ट तेवढेच आणि हाती निम्मं.

जपायचं ते साठवणीत. दाताखाली कट्कन तुटला तर वाळलेला, दबला तर ओला. ओला भरला तर कोठीत जी बुरशी धरते ती वेगळी, तिच्यात विषं असू शकतात. कुबट वास, हिरवट जाळी, दाण्यांचे गोळे दिसले तर पाखडून, धुऊन वापरायचा मोह करू नका, टाकून द्या. गुरांनाही नको. नागपूरचं मेचं ऊन फुकट आहे, दोन दिवस गच्चीवर पसरा.

काळीकसदार
ऊन्हाचं निघालं तं सांगतो. आमचे बाबा बियाण्याचा गहू मेअखेरच्या नवतप्यात सकाळी चार घंटे पाण्यात ठेवत, मंग दुपारी तापल्या फरशीवर पातळ पसरवत. काजळी येत नाही म्हणत. खरं आहे का हे?

बुरशीमास्तर
पूर्ण खरं. काजळी म्हणजे ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी. ती बुरशी बियाण्याच्या अंकुरात झोपलेली असते, बाहेरून दाणा चोख दिसतो. भिजवल्यावर ती जागी होते आणि मग उन्हाच्या तापाने मरते. १९३४ ला पंजाबात लुथ्रा आणि सत्तार यांनी ही पद्धत मांडली. आता कार्बोक्सिनची बीजप्रक्रिया सोपी पडते, पण तुमच्या बाबांचं शास्त्र पक्कं होतं. फक्त एक ध्यानात ठेवा, हे काजळीसाठी. तांबेरा बियाण्यातून येतच नाही, तो वाऱ्याने येतो. बियाणं कितीही तापवा, तांबेऱ्याला फरक नाही.

शंकेखोर
मग साधा सवाल. प्रतिकारक जाती आहेत, लोकवन बळी पडते हे माहीत आहे, तरी शेतकरी लोकवनच का पेरतो?

काळीकसदार
तुमच्यामुळं.

राग नका मानू. कळमन्यात गाडी लावली का पहिला सवाल, कोणता गहू? एमएसीएससारखी दुसरी जात म्हटली का तोंड वाकडं. "लोकवन हाय का, शरबती हाय का?" शहरातल्या बाईले दोनच नावं माहीत. म्हणून आम्ही पेरतो लोकवन, नाहीतं दुसरा पेरून त्यालेच लोकवन म्हणतो. रोग आला का फवारणी आमची, भाव पडला का आमचा, चीक कमी आला का मात्र धागा तुमचा.

महालातली
लागलं हे, पण खरं आहे. मीच भावाला दरवर्षी सांगते, "माझ्यासाठी लोकवनच ठेव."

चक्कीवाला_सक्करदरा
मी सांगतो, दळलेलं पीठ समोर ठेवा आणि लोकवन कोणतं ते ओळखा. शंभरातली पाच माणसंही ओळखणार नाहीत. माझ्यासकट.

बुरशीमास्तर
काळीकसदारांनी एका परिच्छेदात जे सांगितलं ते मी वर्गात वर्षानुवर्षं सांगू शकलो नाही.

ताईंच्या भावासाठी: नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाणी मिळत असेल तर पुण्याच्या आघारकर संस्थेची एमएसीएस ६२२२ किंवा निफाडची फुले समाधान पाहावी. पेरणी उशिरा जाणारच असेल तर अकोल्याची एकेएडब्ल्यू ४६२७. सगळं शेत एकाच जातीखाली घालू नये, हे कुठल्याही जातीच्या नावापेक्षा महत्त्वाचं. आणखी एक. काही जातींत प्रतिकार ठणठणीत नसतो, मंद असतो. फोड येतात, पण उशिरा, थोडे आणि बारीक. शेतकऱ्याला वाटतं जात फसली. ती फसलेली नसते. सगळे बीजाणू मारायचा हट्ट नसल्यामुळे बुरशीवर वास बदलायचा दाबही कमी पडतो आणि असा प्रतिकार फार वर्षं टिकतो. कडक पहारेकऱ्यापेक्षा हे जरा आळशी पण इमानी कुत्रं बरं.

महालातली (नोव्हेंबर)
धागा वर काढतेय. भावाने दोन एकरांपैकी एकात एमएसीएस ६२२२ पेरला, एकात लोकवन. लोकवन का, तर म्हणे "तुझ्यासाठी." मी सांगितलं मला नको, तरी पेरला. माणसाची सवय म्हणजे गेरव्यापेक्षा चिवट.

महालातली (जानेवारीअखेर)
भावाने फोटो पाठवलेत. लोकवनाच्या खालच्या पानांवर नारिंगी ठिपके आहेत, रुमाल पुसला तर डाग येतो. शेजारच्या ६२२२ वर ठिपके नाहीत, पण पानावर फिकट पिवळी टिंबं आहेत, बारीक. रुमाल पांढराच राहतो. तो घाबरलाय, म्हणतो यालाही सुरू झालं, दोन्हीवर फवारतो.

बुरशीमास्तर
६२२२ ला हात लावू नका. ती टिंबं म्हणजे झाडाने स्वतःच मारलेल्या पेशी. बीजाणू तिथे उतरला आणि मेला, त्याची ती खूण.

लोकवनावर प्रोपिकोनॅझोल २५ टक्के, एक मिली एका लिटरला, एकरी दोनशे लिटर पाणी. वारा पडल्यावर, वरचं पान भिजेल असं. पंधरा दिवसांनी पुन्हा रुमाल पुसून पाहा, डाग आला तरच दुसरी फवारणी. आणि युरियाचा हप्ता आता बंद.

काळीकसदार
रुमाल पांढरा घेजा. चौकडीचा घेतला तं काहीच समजत नाही, म्या मागच्या साली तेच केलं.

तर्रीपोहे
काकू, फोटोत बांधावर हरभरा दिसतो आहे. ओला हरभरा पाठवायला सांगा, भावावरचा संशय मागे घेतो.

महालातली
सांगितलं. फवारणी उद्या सकाळी, वीज रात्रीची आहे म्हणून पाणी आज भरून ठेवतोय. मागच्या वर्षीच्या दीड पोत्यातलं अर्धं अजून शिल्लक आहे, कळमन्याच्या गव्हात मिसळून संपवतेय. आणि तो दीडपट चोथा मी टाकला नव्हता. तीळ, जिरं, तिखट घालून भुसवड्या घातल्या. वीस वर्षांत इतक्या कधी झाल्या नव्हत्या.